राग नेमका कोणावर?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं. रात्र जागवून मँचेस्टर युनायटेडला पुन्हा हरतानाच पाहायचं, तर हा क्लब सोडून का देऊ नये, असं तू विचारलंस. २०१३ नंतर प्रीमियर लीगचं, म्हणजे इंग्लंडच्या मुख्य स्पर्धेचं, एकही विजेतेपद नाही. २०२४-२५ मध्ये तर ४२ गुण आणि पंधरावा क्रमांक. राग येणारच. तो गिळून टाक असं मी म्हणणार नाही, पण तो नेमका कोणावर आणि कशासाठी आहे हे तुला सांगता आलं पाहिजे.

‘मालक खेळाडूंवर पैसे खर्च करत नाहीत’ ही तुझी तक्रार टिकणारी नाही. २०१६ मध्ये पोग्बासाठी ८९ दशलक्ष पौंड मोजले, तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. पैसा भरपूर गेला, पण तो क्लबनेच कमावलेला. मूळ दुखणं २००५ मधलं आहे. ग्लेझर कुटुंबाने तेव्हा सुमारे ७९० दशलक्ष पौंडांना क्लब घेतला, त्यातले निम्म्याहून जास्त पैसे उसने होते आणि त्या कर्जाचा मोठा बोजा क्लबच्याच माथी मारला. कुणी आपलं घर विकत घ्यावं आणि हप्ते मात्र आपल्याकडून वसूल करावेत, तसा हा व्यवहार. त्याआधी क्लब कर्जमुक्त होता. नंतर शेकडो दशलक्ष पौंड नुसत्या व्याजात गेले. २०१६ पासून काही वर्षं भागधारकांना लाभांशही वाटला, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा अर्थात याच कुटुंबाचा. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात शेअर विकले, तेही अशा बेताने की कुटुंबाकडच्या एका शेअरला दहा मतं आणि बाहेरच्यांच्या शेअरला एक. क्लबच्या मैदानाचं, ओल्ड ट्रॅफर्डचं छप्पर मात्र मे २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्यानंतर पावसात अक्षरशः धबधब्यासारखं गळत होतं.

खेळाच्या बाजूनेही तेच. २०१३ च्या उन्हाळ्यात मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसन आणि मुख्य कार्यकारी डेव्हिड गिल एकदमच गेले. कारभार आला एड वुडवर्ड यांच्याकडे, म्हणजे खरेदीच्या वेळी ग्लेझर कुटुंबासाठी काम केलेल्या बँकरकडे. क्लबने फुटबॉल संचालक, म्हणजे मॅनेजर बदलले तरी खेळाडूंच्या खरेदीचं धोरण सांभाळणारा माणूस, नेमला तो थेट २०२१ मध्ये. दर नवा मॅनेजर आपल्या पसंतीचे खेळाडू मागायचा, तो गेला की पुढच्याला ते नकोसे. हे मी इतक्या तपशिलात लिहितोय, कारण शनिवारी गोल चुकवणाऱ्या पोराला शिव्या घालताना यातलं काहीच आपल्या डोळ्यांसमोर नसतं. २०२२ मध्ये युनायटेडचा तेव्हाचा कर्णधार हॅरी मॅग्वायरच्या घरी बॉम्बची धमकी आली, पोलिसांना घर तपासावं लागलं. तू तशा जमावात कधीही सामील होऊ नकोस. हे मी विनंती म्हणून नाही, हक्काने सांगतोय.

आता ज्यांनी राग नीट वापरला त्यांच्याबद्दल. २००५ मध्ये काही चाहत्यांनी वेगळं होऊन ‘एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर’ काढला, तिथे एका सभासदाला एकच मत. २०१० मध्ये मालकांच्या निषेधासाठी मैदानात हिरवे-सोनेरी मफलर दिसू लागले. १८७८ मध्ये रेल्वे कामगारांनी सुरू केलेल्या न्यूटन हीथ या मूळ क्लबचे ते रंग. एप्रिल २०२१ मध्ये सुपर लीगची, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांनी आपल्यापुरत्या काढलेल्या वेगळ्या स्पर्धेची घोषणा झाली, तेव्हा इंग्लंडभरचे चाहते रस्त्यावर आले आणि दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. पुढच्याच महिन्यात चाहते ओल्ड ट्रॅफर्डमध्ये शिरले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. ग्लेझर गेले नाहीत, हे खरं. २०२४ मध्ये उद्योगपती जिम रॅटक्लिफ आले तेही चौथ्या हिश्श्याच्या आसपास भागीदार म्हणून. पण त्याच उठावानंतर ब्रिटिश सरकारने चाहत्यांचं म्हणणं ऐकून घेणारी चौकशी नेमली आणि जुलै २०२५ मध्ये क्लबमालकांवर लक्ष ठेवणाऱ्या स्वतंत्र नियामकाचा कायदा झाला.

आपल्याकडे असं काही नव्हतं. राष्ट्रीय लीग जिंकलेला मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये. मालकांनी ठरवलं आणि क्लब संपला. म्हणून मला वाटतं, युनायटेडकडून शिकलेलं तू इथल्या मैदानावरही वापरावंस. आवडत्या क्लबच्या चाहत्यांच्या गटात जा, स्टँडमध्ये उभा राहा, तिकीट काढून जा.

आणि लांबचा चाहता काय करणार, असं म्हणू नकोस. अपोलो टायर्ससारख्या आपल्याकडच्या कंपनीने युनायटेडशी करार केला, तो तुझ्या-माझ्यासारख्या इथल्या प्रेक्षकांकडे बघूनच. जर्सी घ्यायची की नाही, हे तुझ्या हातात आहे. सामना बघणं मात्र सोडू नकोस. क्लब ग्लेझरांच्या आधीपासून आहे आणि त्यांच्यासाठी तू तो का सोडावास, हे मला कळत नाही.

शेअर बाजारात नोंद असल्यामुळे क्लबचे हिशोब सगळ्यांना खुले असतात. ताजा वार्षिक अहवाल काढ आणि व्याजाचा आकडा शोध. खेळाडूंच्या पगाराचा आकडाही तिथेच सापडेल. दोन्ही मला लिहून पाठव, मग पुढचं बोलू.

तुझा,
दादा