पाषाणचं ८ आणि आइंडहोवनचं ८

तुमचा प्रश्न असा की नोव्हेंबरात आइंडहोवनला जॉइन व्हायचंय, तिकडे ५ ते ८ डिग्री दाखवतंय, पुण्यात पाषाणला पण थंडीत ८-९ होतंच की, मग एक चांगलं जॅकेट पुरेल ना? अगदी हाच हिशोब करून मी ११ वर्षांपूर्वी नेदरलँड्सला आलो होतो आणि पहिल्याच आठवड्यात तोंडावर आपटलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पुण्यातलं ८ हे पहाटेचं असतं हो. पेपरात छापून येतं, आपण दोन दिवस कौतुक करतो आणि दुपारी बाराला स्वेटर कमरेला बांधून फिरतो, कारण तोपर्यंत २८ झालेलं असतं. इथलं ८ म्हणजे त्या दिवसाचं कमाल तापमान. सकाळी ५, दुपारी ८, संध्याकाळी परत ५, आणि ऊन नाहीच, त्यामुळे सायकलच्या सीटपासून हातमोज्यापर्यंत सगळं कायम गारढोण. वर वारा. देश सपाट, वारा अडवायला एक टेकडी नाही, ५ डिग्रीला ताशी ३० किमीचा वारा सुटला की अंगाला शून्य वाटतं आणि एवढ्या वाऱ्याची इथे कोणी दखलही घेत नाही. दखल कधी घेतात, तर फेब्रुवारी २०२२ च्या वादळात देशभरच्या ट्रेन बंद ठेवल्या होत्या तशा वेळी. म्हणून ॲपमध्ये डिग्री नंतर बघा, आधी वारा बघा.

आता पाऊस. सगळे सांगतील की तिकडे सतत पाऊस असतो. खरं आहे, पण आकडा बघाल तर हसाल. इथे वर्षाला साधारण ७५० ते ८५० मिमी पडतो, पुण्यात ७००-७५० च्या आसपास, म्हणजे उन्नीस-बीसच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पडला होता, नेदरलँड्सच्या अख्ख्या वर्षापेक्षा जास्त! फरक इतकाच की आपला चार महिन्यांत दणादण पडून मोकळा होतो आणि हा बारा महिने पिरपिरत बसतो. मी मूळचा चिपळूणचा, पावसाचं मला कसलं अप्रूप, असं वाटायचं. पण आमच्याकडे मे महिनाभर घामाने जीव नकोसा झालेला असतो, मग ढग येतात, मातीचा वास येतो, पावसाची वाट बघितलेली असते. इथे वाट बघायला उसंतच देत नाही, पडतो, थांबतो, परत पडतो, आणि वास कसला तर ओल्या डांबराचा.

छत्री आणू नका. माझी घरून आणलेली काळी दांड्याची छत्री दुसऱ्याच दिवशी स्टेशनजवळच्या पुलावर उलटली, काड्या आकाशाकडे, कापड एका बाजूला फडफडतंय, आणि शेजारून एक सत्तरीच्या आजी सायकलवरून भिजत, आरामात निघून गेल्या. ऑफिसात सांगितलं तर सहकारी म्हणाला, तू काही साखरेचा नाहीयेस. आमची आजी म्हणायची ना, विरघळतोस का काय, अगदी तेच, डच लोकांतही ही म्हणायची पद्धतच आहे. मग त्याने बाउएनराडार (Buienradar) नावाचं ॲप दाखवलं, पुढच्या दोन तासांत पाऊस कधी येणार आणि कधी थांबणार ते त्यात दिसतं, तेव्हापासून मी ते बघूनच ऑफिसातून निघतो. आणि रेनसूट घ्या, जॅकेटवरून आणि पँटवरून चढवायचा, ध्यान दिसतं पण सगळेच तसे दिसतात.

जाड जॅकेट पुण्यात घेऊ नका, इथे येऊन घ्या. वारा न शिरणारं हवं, नुसतं जाड असून उपयोग नाही.

थंडीची सवय होते, अंधाराची मला अजून नाही झाली. डिसेंबरच्या शेवटी सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतो, म्हणजे ऑफिसला जाताना अंधार, येताना अंधार. पहिल्या हिवाळ्यात मला वाटायचं कामाचा ताण आहे म्हणून मरगळ येतेय. दुपारी जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं बाहेर चालायला जायचं, ढग असले तरी, त्याने मला फरक पडला. ड जीवनसत्त्वाचं डॉक्टरांना विचारून घ्या.

जूनमध्ये बरोबर उलटं, रात्री दहापर्यंत उजेड. आई आली होती तेव्हा तिची फार पंचाईत झाली, तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावायचा तर तिन्हीसांज होईचना. दोन दिवस साडेदहापर्यंत जांभया देत बसली, तिसऱ्या दिवशी म्हणाली, चिपळूणला सात वाजले की लावते, इथेही सातलाच लावणार. खिडकीतून लख्ख ऊन आणि समोर समई.

उन्हाळा चांगला असतो, पण एसी नाही, छताला पंखा नाही, घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली. जुलै २०१९ मध्ये ४०.७ झालं होतं, आमचा एक नागपूरचा मित्र दिवसभर चाळीसला काय घाबरता म्हणून हसत होता आणि रात्री माळ्यावरच्या खोलीत झोप येईना म्हणून आमच्याकडे टेबल फॅन मागायला आला.

तुम्ही नोव्हेंबरात येताय, म्हणजे पहिलं काम सायकलला पुढचा-मागचा दिवा लावून घ्या. संध्याकाळी ऑफिसातून निघाल तेव्हा अंधारून येत असेल आणि दिवा नसला तर पोलीस दंड लावतात, मी भरलाय.