देव बहिरा आहे का, असं मुलगा विचारतो

प्रश्न: ताई, मी मूळची वसईची, लग्न होऊन म्हापशाला आले त्याला १४ वर्षं झाली. घरी रोज संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना असते, सासूबाई कोकणीत सांगतात, मी सवयीने मनात मराठीत म्हणते. मुलगा ११ वर्षांचा. परवा चौथं दशक, म्हणजे दहा नमो मरियांचा चौथा फेरा, चालू असताना मध्येच म्हणाला, रोज तेच तेच ५० वेळा कशाला, देव बहिरा आहे का? मिस्टरांनी एक लगावली. तेव्हापासून तो बसतो, पण तोंड उघडत नाही. मुलगी ७ वर्षांची, ती तर झोपूनच जाते. अशाने यांची श्रद्धा वाढायची कशी? — एक आई, म्हापसा

उत्तर: अहो, आधी त्या थपडेचं मिटवा. बाबांनी त्याच्याकडे जाऊन, सगळ्यांसमोर नको हवं तर, गच्चीवर वगैरे, 'माझं चुकलं रे' म्हणायचं. आपण मुलांना कन्फेशनला, फादरांपुढे चुका कबूल करायला, रांगेत उभं करतो, पण मोठं माणूस माफी मागताना त्यांनी घरात कधी बघितलेलंच नसतं, मग ते त्यांना नुसतं पाठांतर वाटतं.

आणि प्रश्न चांगलाच आहे की! मला तर हसूच आलं. लूकच्या शुभवर्तमानात १२ वर्षांचा येशू देवळात गुरुजनांमध्ये बसून ऐकतोय आणि त्यांना प्रश्नही विचारतोय, आईवडील बिचारे तीन दिवस शोधतायत, सापडल्यावर मरीया त्याला बोलते पण, त्याचं उत्तर काही तिला कळत नाही, तरी ती ते सगळं मनात जपून ठेवते. तुमचा ११चा आहे. तुम्हीही जरा जपून ठेवा, लगेच उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही. दिलंच तर एवढं सांगा की देवाला ऐकू येतं, शांत व्हायला वेळ लागतो तो आपल्याला, म्हणून तेच तेच शब्द.

पाच दशकं त्याला झेपत नसतील तर एकच दशक बसू दे. सासूबाईंना वाईट वाटेल, त्यांना तुम्ही नाही, मिस्टरांनी सांगायचं, ते बरं पडतं. पण त्या एका दशकाआधी त्याला विचारा, आज कोणासाठी म्हणूया? वर्गातल्या आजारी मित्रासाठी म्हणेल, फुटबॉलच्या मॅचसाठी म्हणेल, म्हणू दे.

भाषेचं मात्र मला महत्त्वाचं वाटतं. चर्चमध्ये कोकणी, शाळेत इंग्लिश, तुमच्या मनात मराठी, मग हा देवाशी बोलणार कुठल्या भाषेत? ज्या भाषेत बहिणीशी भांडतो त्या भाषेत. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून इथे आले आणि त्यांनी येशूची सगळी कथा मराठी ओवीत लिहिली, १६१६ साली गोव्यातल्या रायतूरला ती छापली, कारण इथल्या लोकांच्या कानात ओवी बसलेली होती. त्या परदेशी माणसाला कळलं ते आपण घरात विसरतो.

झोपताना दोन मिनिटं दिवसाची उजळणी करा, संत इग्नेशियसने शिकवलेली तीच: आज कशाने बरं वाटलं, कुठे चुकलं, उद्यासाठी देवाकडे काय मागू. आधी तुम्ही तुमचं सांगा, खरं खरं, 'आज मी कामवालीवर उगाच ओरडले' असं. आठवडाभर तो गप्प बसेल, बसू दे.

नोव्हेंबरात सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) सुरू होतील, २४ तारखेपासून. ३ डिसेंबरच्या फेस्ताच्या गर्दीत नेऊ नका, तिथे मुलांना फक्त खाज्याची दुकानं दिसतात (मलाही तेच दिसायचं). आधीच एखाद्या पहाटे फक्त बाबा आणि तो, दोघांनी जावं जुन्या गोव्याला, येताना चहा-भाजी खाऊन.

राहता राहिली धाकटी. झोपू दे तिला, आजीच्या मांडीवर जपमाळेचा आवाज ऐकत झोपतेय, काय वाईट आहे त्यात. फक्त शेवटी बेंसांव, म्हणजे आशीर्वाद, मागायला उठवा, डोळे चोळत का होईना, आजीचा हात डोक्यावर पडला की परत झोपेल.