ऑईल घेताना डबा नाही, मॅन्युअल वाचा

मित्रा, दुकानदाराला ‘चांगलं ऑईल द्या’ म्हणू नकोस. तो महागातलं देईल. आधी गाडीचं मॅन्युअल उघड. त्यात ०डब्ल्यू-२० असा ग्रेड लिहिला असेल तर तेच घाल. ‘आपल्याकडे ऊन फार, जाड ऑईल बरं’ हा सल्ला जुन्या इंजिनांच्या काळातला. डब्ल्यू म्हणजे विंटर: आधीचा आकडा थंड इंजिनातला पातळपणा सांगतो, नंतरचा तापलेल्या इंजिनातला जाडपणा.

बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांची) डिझेल गाडी असेल, तर नुसता ग्रेड जुळवून भागत नाही. तिच्यात डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि राख जास्त करणाऱ्या ऑईलने तो हळूहळू चोंदतो. मॅन्युअलमध्ये एसीईए सी२ किंवा सी३ (कमी राख करणाऱ्या ऑईलचे युरोपीय दर्जे) असं काही लिहिलं असेल, तर डब्यामागे तेच शोध.

ऑईल बदलताना ऑईल फिल्टरही दर वेळी बदल. कंपनीचा घे, तोही ओळखीच्या दुकानातून, कारण नकली खोकी हुबेहूब असतात. स्पिन-ऑन (डब्यासारखा, फिरवून बसवायचा) फिल्टर असेल तर त्याच्या तोंडाचं जुनं रबर इंजिनलाच चिकटून राहिलं नाही ना, ते बोट फिरवून बघ. माझ्या गाडीला एकदा दोन रबरं एकावर एक बसली होती. पार्किंगमध्ये ऑईलचं तळं! नव्या रबराला थोडं ऑईल चोळ, हातानेच आवळ, पाना नको.