मणका ठीक, खुबा ठिसूळ, मानायचं काय?

प्रश्न : डॉक्टर, माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. मोरीत पाय घसरून पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. त्याआधी गल्लीतल्या मंडळाच्या शिबिरात टाचेला यंत्र लावून ‘हाडं ठिसूळ’ असं सांगितलं होतं. आता डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, केली. टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत आपली हाडं किती दाट, हे सांगणारा आकडा) कमरेच्या मणक्यांचा उणे १.१, खुब्याचा उणे २.८. एक डॉक्टर म्हणतात, मणका ठीक आहे, कॅल्शियमच्या गोळ्या पुरेत. सासूबाई म्हणतात, “जन्मभर गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध प्यायले, माझी हाडं कशी ठिसूळ होतील?” मी ४४ वर्षांची आहे, मीही तपासून घेऊ का?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, खुब्याचं ऐका. या दोन आकड्यांची सरासरी काढत नाहीत. जो जास्त खाली, त्यावरून निदान होतं. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये आखली आणि आजही तीच धरतात.

मग मणका बरा कसा दिसतो? साठीपुढे बऱ्याच जणींच्या मणक्यांना झिजेमुळे कडेने हाडाचे काटे येतात. डेक्साचं यंत्र क्ष-किरण आरपार सोडतं आणि वाटेत येईल तेवढं कॅल्शियम मोजतं. त्यात हे काटे आले, मणक्यापुढच्या मोठ्या रक्तवाहिनीत साचलेलं कॅल्शियमही आलं. दबलेला मणकासुद्धा दाट दिसतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना चित्रांची पानंही न्या. चारही मणक्यांचे आकडे वेगवेगळे छापलेले असतात. एखादा शेजारच्यापेक्षा फारच वर असेल तर तो धरायचा नसतो. सासूबाईंची उंचीही मोजा. तरुणपणीपेक्षा चार सेंटिमीटरहून जास्त कमी झाली असेल, पूर्वी हाताला येणारा फडताळाचा वरचा कप्पा आता येत नसेल, तर मणक्यांचा बाजूने एक्स-रे काढायलाच हवा. मणका कधी दबला हे पुष्कळदा कळतही नाही. कंबर दुखतेय म्हणून बाम चोळत बसतात.

आणि ते मनगट! उभ्या उभ्या पडून हाड मोडलं, हीच केवढी मोठी खूण आहे. मला राग येतो तो इथेच. प्लास्टर घालतात, सहा आठवड्यांनी काढतात, पण एवढ्याशा पडण्याने हाड मोडलंच का, हे कोणी विचारत नाही. आज मनगट मोडलंय, उद्या खुबा मोडू शकतो, आणि खुबा मोडलेलं म्हातारं माणूस पुष्कळदा पुन्हा पहिल्यासारखं चालत नाही. त्यामुळे नुसत्या कॅल्शियमवर थांबू नका.

शिबिरातलं टाचेचं यंत्र ध्वनिलहरींवर चालतं. त्यावरून संशय घ्यावा, निदान करू नये.

दुधाला मी नावं ठेवणार नाही. म्हशीच्या पेलाभर दुधातून साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. या वयात दिवसाला १००० ते १२०० लागतं. पण पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं आणि हाड भरून येण्यापेक्षा झिजतं जास्त. ती झीज दुधाने थांबत नाही. पांढऱ्या रश्श्यानेही नाही. हाडं कितीही उकळली तरी कॅल्शियम रश्श्यात फारसं उतरत नाही.

औषध सुरू करण्याआधी रक्तातलं ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठी) आणि अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडांची घडामोड कळण्यासाठी) तपासा. ‘ड’ फार कमी असलं तरी डेक्साचा आकडा खाली येतो आणि तिथे आधी त्याचा उपचार लागतो. पुढे हाडांची झीज रोखणारी, आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी दिली, तर सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. चहासुद्धा त्यानंतरच. इथेच बऱ्याच जणी चुकतात आणि अन्ननलिकेत जळजळ झाली की गोळीच सोडून देतात. दुखरे दात असतील तर आधी दाखवून घ्या. पुढची डेक्सा डॉक्टर सांगतील तेव्हा, पण त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर करा. यंत्र बदललं की आकड्यांची तुलना होत नाही.

तुमची पाळी नियमित असेल तर आत्ता डेक्साची गरज नाही. मात्र दम्यासाठी किंवा संधिवातासाठी महिनोन्‌महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील, गर्भपिशवीबरोबर अंडाशय काढले असतील किंवा तुमच्या स्वतःच्या आईचा वा वडिलांचा खुबा मोडला असेल, तर थांबू नका. सासूबाईंना दाखवायला जाल, त्याच वेळी हेही डॉक्टरांना सांगा.