‘स्ट्रू’साठी घाईने ‘विखुरणे’ लिहू नकोस

अगं, भाषांतरात इंग्रजी ‘स्ट्रू’ (strew, म्हणजे पसरणं) आलं की आधी त्याचं कूळ बघ. ‘स्ट्रॉ’, म्हणजे वाळलेलं गवत, त्याचंच भावंड: जमिनीवर पसरायचं ते. आपल्या संस्कृतातला ‘स्तृ’ धातूही त्याच घरचा. वेदीभोवती दर्भ अंथरतात ना, तिथे हेच क्रियापद येतं. ‘विस्तार’ त्यातूनच आला. मला तर हे नातं कळलं तेव्हा फार आनंद झाला होता!

म्हणून वस्तू इतस्ततः पडल्या असतील तर ‘विखुरल्या’ ठीक. पण फुलं असतील तर? सकाळी सदाशिव पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्यात पारिजातकाखाली बघ, केशरी देठांची फुलं फरशीभर. तिथे ‘सडा’च हवा. इंग्रजी ‘स्कॅटर’मध्ये (scatter) पांगवणं असतं, ‘स्ट्रू’मध्ये जमीन झाकली जाते. आणि ‘स्ट्रून’ (strewn) हे ‘स्ट्रू’चंच रूप, वेगळा शब्द समजू नकोस.