चुनखडीची माती नसताना नेब्बिओलो (इटलीचा लाल वाइनचा द्राक्षवाण) लावता येईल का? सध्या बागेत ओलांड्यावर (वेलीच्या कायमच्या आडव्या फांदीवर) आखूड छाटलेली कॅबर्ने सोव्हिन्याँ आहे.

मातीची चिंता मी दुसऱ्या नंबरवर ठेवेन. इटलीच्या पीडमाँटमधल्या बारोलोत (तिथल्या वाइनचंही हेच नाव) ही वेल चुनखडीयुक्त चिकण मातीत वाढते हे खरं, पण इटलीतच वाल्तेल्लिनामध्ये ती ग्रॅनाइटच्या रेताड, आम्लधर्मी जमिनीवर पिकते आणि वाइनही उत्तम होते. दोन्हीकडे सारखी गोष्ट म्हणजे लांब हंगाम.

नेब्बिओलो फुटते लवकर आणि पिकते उशिरा. पीडमाँटमध्ये डोळे एप्रिलमध्ये फुटतात आणि तोडणी ऑक्टोबरच्या आसपास होते. तुमची कॅबर्ने हीच मोजपट्टी धरा. ती जेमतेम पिकत असेल, तर नेब्बिओलोचा नाद सोडा. ती ऐन उष्णतेच्या दिवसांतच पिकून तोडावी लागत असेल, तरीही सोडा. उष्णतेत साखर झपाट्याने चढते, आम्ल उतरतं आणि टॅनिन (साल-बियांतलं तुरट द्रव्य) कच्चंच राहतं. ऑस्ट्रेलियात किंग व्हॅली, अ‍ॅडलेड हिल्स अशा उंचावरच्या, गार भागांत तिचा जम बसला तो यामुळेच. उताराचा मधला पट्टा निवडा. तळाशी थंड हवा साचते आणि लवकर फुटलेले कोंब हिमकडाक्यात जळतात.

आता छाटणी, कारण खरी फसगत इथेच होते. या वेलीच्या काडीवरचे तळाचे दोन-तीन डोळे बहुधा वांझ असतात. कॅबर्नेसारखी ओलांड्यावर दोन डोळ्यांची छाटणी केलीत, तर मांडवभर पाला येईल आणि घड शोधावे लागतील. मग लोक वाणाला, हवेला, खताला दोष देतात. गुयो पद्धत घ्या: ८ ते १० डोळ्यांची एक लांब काडी आडवी बांधायची आणि पुढच्या वर्षीच्या काडीसाठी खोडाजवळ दोन डोळ्यांचा एक खुंटा ठेवायचा. ओळींत २.५ मीटर, वेलींत ०.९ मीटर अंतर ठेवलं, तर हेक्टरी साधारण ४,४०० वेली बसतात. बारोलोच्या नियमात हेक्टरी ८ टनांची मर्यादा आहे, म्हणजे या हिशेबाने वेलीमागे १.८ किलो. घड लांबट आणि खांदे फुटलेला असतो. ३०० ग्रॅमचा धरला तर वेलीला सहा पुरे. जास्तीचे घड आणि राहिलेल्या घडांचे खांदे मण्यांचा रंग बदलायच्या आत काढा.

वाढीचा जोर फार असतो. सुपीक जमिनीत ५बीबी हा जोमदार खुंट (ज्या मुळावर कलम करतात तो) लावू नका, कमी जोराचा ४२०ए बरा. नत्र हात राखून द्या आणि शेंडे वेळेवर मारा. घडाजवळची पानं फक्त सकाळच्या उन्हाच्या बाजूची काढा. दुपारच्या बाजूची काढलीत तर मणी भाजतात. भुरी लवकर लागते, म्हणून कॅनोपी (पानांचा पसारा) दाट होऊ देऊ नका.

रोपं विषाणूमुक्त प्रमाणपत्राचीच घ्या. नेब्बिओलोच्या नावाने मिळणाऱ्या प्रकारांत लाम्पिया हा सुरक्षित पर्याय. मिकेत हा वेगळा वाण नाही, विषाणूबाधित लाम्पियाच आहे. रोझे नावाने मिळणारी वेल डीएनए तपासणीत वेगळी निघाली आहे. मेक्सिकोतल्या व्हाये दे ग्वादालुपेची 'नेब्बिओलो' इतकी गडद असते, की तिच्या ओळखीवरच शंका घेतली जाते.

कारण अस्सल नेब्बिओलोचा रंग फिकाच असतो. तिच्यातली रंगद्रव्यं हवेने लवकर बिघडतात, त्यामुळे ग्लासच्या कडेला विटकरी छटा लवकर येते. तो दोष नाही. तोडणी रंगावर ठरवू नका: २४ ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) आसपास पोचल्यावर बी चावून बघा, ती तपकिरी आणि कुरकुरीत लागली पाहिजे. हिरव्या बीचा तुरटपणा पुढे पिंपातही जात नाही.

वाइन करताना रंग पहिल्या चार-पाच दिवसांतच उतरतो, तेवढे दिवस वर तरंगणारी साल रसात नीट दाबा, तापमान २८ ते ३० अंश ठेवा. नंतर अल्कोहोल वाढलं की बियांमधलं टॅनिन सुटतं; रंगाच्या हव्यासाने तेव्हा जोर लावलात तर फक्त तुरटपणा वाढेल. मुरवायला मोठी, जुनी ओकची पिंपं बरी. नव्या छोट्या पिंपांच्या वासाखाली हिचा गुलाबासारखा गंध दबतो. बारोलोला किमान ३८ महिने मुरवावं लागतं, त्यातले १८ लाकडात, तेव्हा पैसा तेवढा काळ अडकेल असं धरूनच क्षेत्र ठरवा.