रोमन ‘व्हिला’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा अशी आहे: इंग्लंडमधल्या चेडवर्थच्या ‘रोमन व्हिला’विषयी मराठीत लिहायचे, तर ‘बंगला’ म्हणावे की ‘हवेली’?

मी दोन्ही टाळेन आणि ‘वाडा’ म्हणेन. बंगला म्हटला की राहते घर आणि फार तर बाग डोळ्यांपुढे येते. लॅटिन ‘विला’ सहसा शेताशिवाय उभी राहत नाही. पहिल्या शतकात शेतीवर ग्रंथ लिहिणारा कोलुमेल्ला तिचे तीन भाग सांगतो: मालकाचे घर, गडी-गुरांची जागा आणि तेल-धान्याची कोठारे. हे वाचताना मला तरी पाटलाचा वाडाच आठवतो; सोपा, गोठा, बळद, सगळे एकाच आवारात. ‘गढी’ मात्र नको. तिच्यात तटबुरूज येतात.

‘वाडा’ संस्कृत ‘वाट’पासून आला, म्हणजे कुंपण घातलेली जागा. म्हणून मेंढवाडाही वाडाच. त्यातूनच ‘वाडी’, म्हणजे बागायत आणि वस्तीही. ‘विला’चा प्रवास असाच झाला: फ्रेंचमध्ये ‘व्हील’ म्हणजे शहर, इंग्रजीत ‘व्हिलेज’. विलावर राबणारा तो ‘विलानुस’. त्याचाच पुढे इंग्रजीत ‘व्हिलन’ झाला, याचे मला फार वाईट वाटते. (वाडा आणि विला यांचे मूळ मात्र एक नाही.)

चेडवर्थ ग्लॉस्टरशरमध्ये आहे. 1864 मध्ये ते उजेडात आले. चौथ्या शतकात तिथे अंगणाच्या तीन बाजूंना घराच्या ओळी होत्या, न्हाणीघरे होती, जमिनीखालून गरम हवा खेळवलेली होती. भोजनगृहाच्या फरशीवर रंगीत खड्यांत ऋतू काढले आहेत. त्यातला हिवाळा डोक्यावरून खोळ घेतलेला, एका हातात ससा आणि दुसऱ्या हातात निष्पर्ण फांदी. तिथल्याच आणखी एका खोलीची फरशी पाचव्या शतकाच्या मध्यातली असल्याचे 2020 मध्ये जाहीर झाले. ही खोली करताना उभारलेल्या भिंतीच्या पायातला कोळसा आणि हाड यांच्या कार्बन-कालमापनावरून ती भिंत 424 पूर्वीची असूच शकत नाही. ब्रिटनमधली रोमची सत्ता तर 410 च्या सुमारास संपली होती! म्हणजे राज्य गेले, तरी वाड्यात नवी फरशी बसत होती. हे वाक्य ‘बंगल्यात’ घालून पाहा, त्यातला जीव जातो.

ससेक्समधले फिशबोर्न इतके भव्य आहे की इंग्रजीतही त्याला व्हिला न म्हणता ‘पॅलेस’ म्हणतात. तिथे आपला ‘राजवाडा’ तयारच आहे. स्थळाच्या नावात ‘चेडवर्थ रोमन व्हिला’ तसेच ठेवावे, वर्णनात मात्र वाडा.